खानेसुमारी आणि खरेदीखत : अमेरिकेतील आद्य वसाहतकार घराण्याचा माग कसा काढतात?

भारताच्या येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आणि जातनिहाय नोंदीमुळे तिची चर्चा घरोघरी सुरू झाली, तेव्हापासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो : जुन्या जनगणनेत आपल्या पणजोबांचे नाव सापडेल का? आपल्याकडे त्याचे उत्तर नकारार्थी आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार प्रगणकाने भरलेल्या नोंदी पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रसिद्ध होतात ते केवळ आकडे. अमेरिकेत मात्र ७२ वर्षे उलटली की जनगणनेची मूळ पाने नावानिशी सर्वांसाठी खुली होतात. १९५० ची पाने १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली आणि १९६० ची २०३२ च्या एप्रिलमध्ये होतील.

या खुलेपणामुळे तिकडे वंशावळ शोधणे हा लाखो लोकांचा छंद झाला आहे. मराठी घरांतील अमेरिकी सुना-जावयांच्या तोंडून 'आमचे घराणे पायोनिअर (आद्य वसाहतकार) आहे' असे ऐकले की आपल्याला ते कौतुकाचे बोलणे वाटते. परंतु त्या दाव्यामागे बहुधा कागदांची एक साखळी असते आणि ती तपासणाऱ्या संस्थाही असतात. उदाहरणार्थ, ओहायो राज्यातील वंशावळ संस्था 'ओहायोची पहिली कुटुंबे' या मानाच्या यादीत अर्जदाराला तेव्हाच घेते, जेव्हा त्याचा थेट पूर्वज १८२० संपण्यापूर्वी त्या प्रदेशात स्थायिक झाल्याचे आणि त्या पूर्वजापासून अर्जदारापर्यंतचा प्रत्येक दुवा कागदोपत्री सिद्ध होते. 'आजी असे सांगत असे' हा पुरावा तेथे चालत नाही.

या साखळीचे दोन मुख्य कागद म्हणजे जनगणनेचे पान आणि जमिनीचे दस्त. यांपैकी एकही वंशावळीसाठी तयार झालेला नाही. जनगणना झाली ती संसदेतील जागांच्या वाटपासाठी, आणि खरेदीखत झाले ते मालकी शाबीत करण्यासाठी. नातेसंबंध त्यांत आनुषंगाने येतात, म्हणून कागद कोणी, कोणत्या कामासाठी लिहिला हे विचारल्याशिवाय त्यावरील नावावरून काहीही अनुमान काढणे धोक्याचे असते. हे समजण्यासाठी अब्राहम लिंकन यांच्या घराण्याचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. एक तर ते घराणे अगदी साध्या, पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेकडे सरकत गेलेल्या शेतकऱ्यांचे होते, आणि दुसरे असे की पुढे एक नातू राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे त्याच्या पूर्वजांचे कागद संशोधकांनी जितके धुंडाळले, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाचे धुंडाळले गेले असतील.

आद्य वसाहतकार म्हणजे कोण?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जुन्या वसाहती सोडून पश्चिमेच्या, युरोपीय लोकांच्या दृष्टीने नव्या असलेल्या प्रदेशात सुरुवातीला जाऊन राहिलेली कुटुंबे म्हणजे आद्य वसाहतकार. 'पहिले' हा शब्द येथे सवलतीने घ्यावा लागतो, कारण त्या जमिनीवर मूळ रहिवासी जमातींची वस्ती होती आणि करार, दबाव व युद्ध यांच्या मार्गाने ती त्यांच्या हातून गेल्यानंतरच पहिले खरेदीखत लिहिले गेले. लिंकन यांच्या आजोबांची कथा या संघर्षातच संपते. त्यांचेही नाव अब्राहमच. ते १७८२ च्या सुमारास व्हर्जिनियातून केंटकीत आले आणि १७८६ मध्ये आपल्याच शेतात मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. त्यांचा धाकटा मुलगा टॉमस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे वडील, त्या वेळी आठ वर्षांचा होता. आपण ज्याचा माग काढणार आहोत तो हा टॉमस.

१८५० पूर्वीची जनगणना : एक नाव, बाकी रेघा

अमेरिकेची पहिली जनगणना १७९० मध्ये झाली आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी ती होत आली. मात्र १८४० पर्यंतच्या सहा जनगणनांमध्ये प्रत्येक घरातील केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. आपल्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर एका गृहस्थाचे नाव आणि पुढे 'सहकुटुंब, सहपरिवार' एवढेच असते. आत किती माणसे मोडतात हे पाकिटावरून कळत नाही. जनगणनेने त्या 'सहपरिवारा'ची संख्या मात्र नोंदवली : इतक्या वयाचे इतके पुरुष, इतक्या वयाच्या इतक्या स्त्रिया.

हे आकडे किती फसवे असू शकतात ते १८२० सालच्या लिंकन घरावरून दिसते. टॉमसची पहिली पत्नी नॅन्सी हॅंक्स हिचे ५ ऑक्टोबर १८१८ रोजी इंडियानात निधन झाले. विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईचे दूध प्यायल्याने होणाऱ्या आजाराला ती बळी पडली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये टॉमसने केंटकीला जाऊन सारा बुश जॉन्स्टन या तीन मुलांच्या विधवा आईशी विवाह केला आणि त्या सर्वांना घेऊन तो परतला. त्यामुळे १८२० मध्ये त्या लाकडी घरात टॉमस, त्याची दुसरी पत्नी, पहिल्या पत्नीची सारा आणि अब्राहम ही दोन मुले, दुसऱ्या पत्नीची तीन मुले आणि नॅन्सीच्या नात्यातील डेनिस हॅंक्स हा तरुण अशी आठ माणसे राहत होती. बाहेरचे कागद नसतील तर केवळ वयोगटांच्या आकड्यांवरून कोणीही हेच म्हणेल की एक जोडपे आणि त्यांची सहा अपत्ये. प्रत्यक्षात त्या जोडप्याचे एकत्रित अपत्य एकही नव्हते. घरात असणे आणि पोटचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या काळातील पान वाचताना एक क्षणही विसरता येत नाही.

शिवाय पाने शिल्लक असावी लागतात. केंटकीची १७९० आणि १८०० ची पाने नष्ट झाली आहेत, त्यामुळे तेथील सर्वांत जुनी उपलब्ध जनगणना १८१० ची आहे. त्याआधीच्या काळासाठी संशोधक करदात्यांच्या वार्षिक याद्यांकडे वळतात. त्यांत एक चांगली सोय असते. २१ वर्षे पूर्ण झालेल्या पुरुषांची नोंद होत असल्याने एखादे नाव यादीत प्रथम कोणत्या वर्षी उगवते यावरून त्या माणसाच्या जन्मवर्षाचा अदमास बांधता येतो. आणि ते नाव अचानक गळते, तेव्हा तो मेला तरी असतो किंवा गाडीत सामान भरून पश्चिमेला तरी गेलेला असतो.

१८५० नंतर : नावे आली, चुकाही आल्या

१८५० मध्ये पद्धत बदलली. घरातील प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, व्यक्तीचे नाव, वय, जन्माचे राज्य आणि कुटुंबाच्या मालकीच्या जमिनीचे मूल्य लिहिले जाऊ लागले. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि आईवडिलांचे जन्मस्थान यांची भर पडली. १९०० मध्ये जन्माचा महिना व वर्ष, विवाहाला झालेली वर्षे आणि स्त्रीची एकूण किती अपत्ये झाली व किती हयात आहेत, हेही विचारले गेले. म्हणजे १८५० ते १८७० च्या पानांवर शेजारी शेजारी असलेली दोन नावे पती-पत्नीची की भाऊ-बहिणीची, हे पान स्वतःहून सांगत नाही.

नावे असली तरी माहिती देणारे तोंड कोणाचे हा प्रश्न उरतोच. प्रगणक दारात आला तेव्हा घरात जो होता त्याने सांगितले, कधी शेजाऱ्याने सांगितले, आणि वयाच्या बाबतीत तर सर्वच उदार होते. अब्राहम लिंकन यांच्या पत्नी मेरी यांचा जन्म डिसेंबर १८१८ चा. १८५० च्या पानावर त्यांचे वय २८ लिहिले आहे आणि १८६० च्या पानावर ३५. दहा वर्षांत त्या सात वर्षांनीच मोठ्या झाल्या, आणि सुरुवातीलाही तीन वर्षांनी लहानच होत्या. म्हणून अनुभवी संशोधक एका पानावरचे वय कधीच स्वीकारत नाहीत. सलग तीन-चार जनगणनांतील वये मांडून मगच जन्मवर्षाविषयी बोलतात.

दुसरी मर्यादा दहा वर्षांच्या अंतराची आहे. लिंकन दांपत्याचा दुसरा मुलगा एडवर्ड १८४६ च्या मार्चमध्ये जन्मला आणि १ फेब्रुवारी १८५० रोजी गेला. त्या वर्षीच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ जून होती. त्यामुळे मागच्या जनगणनेनंतर जन्मून पुढच्या जनगणनेआधी गेलेले हे मूल कुटुंबाच्या पानावर कधीच येऊ शकले नाही. सुदैवाने १८५० पासून काही दशके, आधीच्या बारा महिन्यांत मरण पावलेल्यांची वेगळी यादीही केली जात होती, आणि अशा मुलांचा शोध त्या यादीत घ्यायचा असतो.

तिसरी अडचण आगीची. १८९० ची बहुतेक पाने जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीला लागलेल्या आगीत जळाली किंवा भिजली आणि उरलेलीही पुढे सरकारनेच नष्ट केली. सुमारे सहा हजार नावांचे तुकडे तेवढे वाचले. १८८० मध्ये दोन वर्षांची असलेली मुलगी १९०० मध्ये दुसऱ्या आडनावाने, दुसऱ्या राज्यात, सासरी सापडते. मधला दुवा गेलेला असतो. या खड्ड्यावरून पलीकडे जायला जमिनीचे दस्त उपयोगी पडतात.

खरेदीखतात नाती कोठे दडलेली असतात?

जमिनीचा व्यवहार कधी झाला, कोणी दिली, कोणी घेतली, किती रकमेला आणि चतुःसीमा काय, हे दस्तात असते. ते काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारख्या घटकाच्या कचेरीतील वह्यांत उतरवून घेतले जात आणि देणाऱ्यांची व घेणाऱ्यांची अशा दोन स्वतंत्र सूची ठेवल्या जात. ज्यांनी आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जुन्या सूची उलटल्या आहेत त्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल.

नात्यांच्या दृष्टीने दस्तातील चार जागा बारकाईने वाचायच्या असतात. पहिली म्हणजे रक्कम. दोनशे एकर जमीन एका डॉलरला किंवा 'प्रेम व ममता यांखातर' दिली असेल, तर तो व्यवहार बहुधा बापलेकांतील आहे. दुसरी जागा पत्नीची संमती. विधवेला पतीच्या जमिनीत आयुष्यभरासाठी हिस्सा मिळण्याचा हक्क असल्याने पतीने जमीन विकताना पत्नीला तो हक्क सोडावा लागे, आणि अनेक राज्यांत अधिकारी तिला पतीपासून बाजूला नेऊन, कोणाच्या दडपणाखाली सही करत नाहीस ना, असे विचारत. तो प्रश्न बहुधा उपचारापुरताच असावा. पण त्यामुळे जिचे नाव १८५० पूर्वीच्या कोणत्याही जनगणनेत नाही अशा स्त्रीचे नाव आपल्या हाती लागते. एकाच नावाची दोन माणसे वेगळी करायलाही हेच नाव कामी येते. टॉमस लिंकनचा एक काका टॉमस लिंकनच होता आणि तोही केंटकीतच राहत होता. तिसरी जागा साक्षीदारांची व शेजाऱ्यांची, कारण ही माणसे एकटी स्थलांतर करत नसत. मेहुणे, चुलते आणि जुने शेजारी एकत्रच पुढच्या राज्यात जात. चौथी आणि सर्वांत मोलाची जागा म्हणजे वारसांचे हक्कसोडपत्र. बाप मृत्युपत्र न करता गेला की सर्व भाऊ, बहिणी आणि बहिणींचे पती मिळून एका भावाच्या नावे हिस्से सोडतात, आणि एका कागदावर लग्न झालेल्या मुलींच्या नव्या आडनावांसह पूर्ण पिढी उभी राहते.

तथापि दस्तात नाव नाही म्हणजे नाते नाही, असे उलटे अनुमान काढू नये. टॉमसचे वडील १७८६ मध्ये मृत्युपत्राशिवाय गेले, तेव्हा केंटकी हा व्हर्जिनियाचाच भाग होता आणि तेथे मृत्युपत्र नसेल तर सर्व जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याचा जुना इंग्लिश नियम अद्याप चालू होता. तो रद्द करणारा कायदा १७८५ मध्ये संमत झाला होता, पण अमलात आला तो १ जानेवारी १७८७ पासून. त्यामुळे थोरला मॉर्डेकाय वारस ठरला आणि टॉमसला वडिलांच्या जमिनीतून काहीच मिळाले नाही. केवळ जमिनीच्या वारसाहक्काकडे पाहणाऱ्याला टॉमस हा त्या बापाचा मुलगाच नव्हता, असे वाटेल. काही महिन्यांच्या फरकाने एका माणसाचे आयुष्य बदलले आणि त्याचा कागदावरचा मागही पुसट झाला.

'पांढऱ्या ओकच्या झाडापासून' : जमिनीची दोन वर्णने

टॉमसने पुढे स्वतःच्या कमाईने जमीन घेतली. १८०३ मध्ये केंटकीच्या हार्डिन काउंटीत मिल क्रीक येथे २३८ एकर, किंमत ११८ पौंड. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे झाली तरी हिशेब इंग्रजी नाण्यात चालला होता. १८१४ मध्ये त्याने ती विकली तेव्हा भरली फक्त २०० एकर, आणि पैसे आले १०० पौंड. ३८ एकर गेले कोठे?

याचे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. व्हर्जिनिया व केंटकीत जमिनीची हद्द नैसर्गिक खुणांनी सांगत : अमक्या ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून इतके पोल उत्तरेला, तेथून दगडाच्या ढिगापर्यंत, आणि परत. साडेसोळा फूट म्हणजे एक पोल. झाड पडे, ओढा पात्र बदले, आणि एकाच जमिनीवर तीन-तीन दावे एकावर एक चढत. टॉमसने १८०८ च्या डिसेंबरमध्ये घेतलेले सिंकिंग स्प्रिंग येथील शेत, जेथे १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अब्राहम जन्मला, तेही मालकीच्या वादात गेले. त्यानंतरच्या नॉब क्रीक येथील शेतावरून फिलाडेल्फियातील एका मालकाच्या वारसांनी त्याला व त्याच्या शेजाऱ्यांना हुसकावण्यासाठी दावा लावला. आपले वडील केंटकी सोडून गेले ते काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या गोंधळामुळे, असे अब्राहम लिंकन यांनी १८६० मध्ये स्वतःच लिहून ठेवले आहे. वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा गोंधळ वरदान ठरतो. जितके दावे अधिक, तितक्या साक्षी, जबान्या आणि वारसांच्या याद्या अधिक. सुखासमाधानाने एका शेतावर आयुष्य काढलेला माणूस कागदावर जवळजवळ अदृश्य असतो.

इंडियानात परिस्थिती वेगळी होती. १७८५ च्या अध्यादेशानुसार ओहायो नदीपलीकडच्या जमिनीची आधी चौकटीत मोजणी होई व मग विक्री. सहा मैल लांब-रुंद चौकोनाचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा आणि त्याचा पाव भाग १६० एकर. टॉमसने ऑक्टोबर १८१७ मध्ये व्हिन्सेन्स येथील सरकारी कचेरीत नोंदवलेली जमीन अशी लिहिली जाते : नैर्ऋत्येचा पाव भाग, भाग ३२, चौकोन ४ दक्षिण, रांग ५ पश्चिम. एवढ्या वर्णनावरून आजही नकाशावर नेमके बोट ठेवता येते. भाव एकरी दोन डॉलर होता. त्याने आधी १६ आणि मग ६४ डॉलर भरले, बाकी थकले, आणि १८२७ मध्ये निम्मी जमीन सरकारला परत करून पश्चिमेकडील ८० एकरांची सनद घेतली. सरकारकडून व्यक्तीला मिळणारा जमिनीचा हा पहिला कागद. अशा लाखो सनदा अमेरिकेच्या भूव्यवस्थापन खात्याने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या आहेत. १८६२ च्या कायद्यानुसार पाच वर्षे राहून व कसून १६० एकर मिळवणाऱ्यांच्या फायली तर त्याहून भरगच्च असतात, कारण त्यांत घराचे माप, पिके, कुटुंबातील माणसे आणि दोन शेजाऱ्यांच्या जबान्या असतात.

गाव तेच, कचेरी दुसरी

नवशिक्याचे बहुतेक शोध येथे अडतात. वस्ती वाढली की मोठ्या काउंटीचे तुकडे पाडून नव्या काउंटी केल्या जात, पण जुन्या वह्या जुन्या कचेरीतच राहत. लिंकन यांचे जन्मस्थान आज लारू काउंटीत आहे, पण ती काउंटी झाली १८४३ मध्ये. टॉमसच्या वेळचे दस्त शोधायला हार्डिनच्या कचेरीत, एलिझाबेथटाउनला जावे लागते. इंडियानातील शेत टॉमस तेथे गेला तेव्हा पेरी काउंटीत होते आणि १८१८ पासून स्पेन्सर काउंटीत गेले. कुटुंब हलले नाही, हद्द हलली.

चुकीच्या कचेरीत शोधण्याची किंमत लिंकन कुटुंबाने चांगलीच मोजली. टॉमस व नॅन्सी हार्डिन काउंटीत राहत, म्हणून त्यांच्या विवाहाची नोंद तेथे शोधली गेली. ती मिळाली नाही, आणि विरोधकांनी अब्राहम लिंकन अनौरस असल्याची कुजबुज पसरवली. प्रत्यक्षात विवाह १२ जून १८०६ रोजी शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत झाला होता आणि नोंद तेथील कागदांत व्यवस्थित होती. ती उजेडात आली लिंकन यांच्या मृत्यूनंतर.

'पण नावच चुकीचे लिहिले असेल तर?'

असतेच. प्रगणक आणि कारकून कानाने ऐकून लिहीत, आणि सांगणाऱ्याला पुष्कळदा वाचता येत नसे. आजोबा अब्राहम यांच्या ४०० एकर जमिनीच्या कागदांवर त्यांचे आडनाव 'लिंकहॉर्न' असे आहे. उच्चारावरून नावे गटात बसवण्यासाठी विसाव्या शतकात साउंडेक्स नावाची सांकेतिक पद्धत निघाली, जिच्यात पहिले अक्षर ठेवून पुढील व्यंजनांना अंक देतात. ती उपयुक्त आहे, पण बिनचूक नाही : इंग्रजी स्पेलिंगवरून लिंकनचा अंक ५२४ येतो आणि लिंकहॉर्नचा ५२६. म्हणजे यंत्रावर विसंबणाऱ्याला आजोबा सापडणारच नाहीत. यावर उपाय एकच : नावाऐवजी जागेचा माग काढायचा. ज्या ओढ्याकाठी पुढे मॉर्डेकाय लिंकन वारस म्हणून येतो, त्याच ओढ्याकाठचा आधीचा लिंकहॉर्न हा त्याचा बाप असल्याचे जमीन सांगते, स्पेलिंग काहीही असो.

'ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांचे काय?'

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. ही सारी पद्धत जमीनधारक गोऱ्या पुरुषाभोवती फिरते. गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीयांची १८५० व १८६० मध्ये वेगळी यादी झाली, पण तिच्यात नाव मालकाचे आणि गुलामांचे फक्त वय, लिंग व वर्ण. नावानिशी त्यांची पहिली सर्वसाधारण नोंद १८७० ची. त्यापूर्वीच्या शोधासाठी त्यांच्या वंशजांना मालकाचे कागद वाचावे लागतात, आणि तेथे दस्तांच्या वह्यांचे एक भयंकर अंग समोर येते : माणसांची विक्री, गहाण आणि बक्षीसपत्रे जमिनीच्या दस्तांसोबत त्याच वह्यांत नोंदवली जात, आणि त्यांत गुलामांची नावे असत, काही वेळा आई व मूल असा उल्लेखही असे. मालमत्ता म्हणून केलेली नोंद हाच आज त्या कुटुंबाच्या नात्याचा पुरावा ठरतो. १८६५ नंतर मुक्त झालेल्यांसाठी नेमलेल्या सरकारी विभागाची कागदपत्रे त्याला जोड देतात.

भूमिहीन गोऱ्या कुटुंबांसाठी कर याद्या, न्यायालयाच्या वह्या आणि इतरांच्या दस्तांवरील साक्षीदारांच्या सह्या उरतात. स्त्रियांची स्थिती मधली होती. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे व्यवहार करण्याची मुभा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळपास नव्हती, म्हणून आईच्या बाजूची वंशावळ नेहमीच आधी तुटते. लिंकन यांच्या वडिलांकडील रेषा १६३७ मध्ये इंग्लंडमधून मॅसॅच्युसेट्सला आलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंत पिढीगणिक पोहोचते. आईकडील रेषा मात्र आजीपाशीच दीड शतक वादात होती.

'डीएनए चाचणी असताना हे कागद कशाला?'

नॅन्सीची आई ल्यूसी हॅंक्स ही माहेरची हॅंक्सच की शिप्ली घराण्यातली, यावर संशोधकांचे दोन तट होते. आईकडून अपत्यांना जाणाऱ्या आणि पुढे फक्त मुलींमार्फत उतरणाऱ्या डीएनएच्या आधारे २०१५ मध्ये हा वाद तपासला गेला आणि निष्कर्ष हॅंक्स घराण्याच्या बाजूने लागला. परंतु नॅन्सीची स्वतःची रेषा या चाचणीसाठी बंद होती. तिची मुलगी सारा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली, मागे मूल उरले नाही, आणि मुलगा हा डीएनए पुढे देऊच शकत नाही. म्हणून ल्यूसीच्या आणि दोन्ही घराण्यांतील इतर स्त्रियांच्या, लेकीची लेक अशा अखंड रेषेतील आज हयात असलेल्या वंशजांचे नमुने लागले. ते वंशज कोण, हे कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता येत नाही. प्रत्येक पिढीत आडनाव बदलत गेलेल्या त्या बायकांना विवाहाच्या नोंदी, मृत्युपत्रे, वारसांची हक्कसोडपत्रे आणि १८५० नंतरच्या जनगणनेची पाने एकमेकांशी ताडून एकेक करून आधी शोधावे लागले, आणि नमुने घेण्याची वेळ त्यानंतर आली.